घर लागण्याआधीची तयारी: सोडतीत अर्ज करू पाहणाऱ्या एका कुटुंबाला उत्तर

ताई, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण कल्याण पूर्वेला भाड्याने राहता, गेल्या सहा वर्षांत चार घरे बदललीत, सध्याचे भाडे अकरा हजार आहे, यजमान खासगी कंपनीत वाहनचालक आहेत, आपण दवाखान्यात मदतनीस आहात आणि दोघांचे मिळून वर्षाचे उत्पन्न सव्वापाच लाखांच्या आसपास आहे. घरी सासूबाई आहेत, मुलगी सहावीत आणि मुलगा दुसरीत आहे. म्हाडाच्या सोडतीत अर्ज करावा का, गावी यजमानांचे वडिलोपार्जित घर आहे ते आड येईल का, कर्जाचा हप्ता झेपेल का आणि ओळखीतले एक गृहस्थ दोन लाखांत ‘घर लावून देतो’ म्हणतात त्यांचे ऐकावे का, असे आपण विचारले आहे. मुंबई महानगर प्रदेशातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना गृहकर्ज आणि घरखरेदीबाबत मार्गदर्शन करण्याचे काम मी बावीस वर्षे करत आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर बाकीचे सारे व्यर्थ ठरेल. त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. म्हाडाने घर मिळवून देण्यासाठी कोणीही दलाल नेमलेला नाही. नोंदणी, अर्ज आणि सोडत हे सर्व संगणकीय प्रणालीवर होते. अनामत रक्कम अर्जदाराने ऑनलाइन भरायची असते आणि घर लागले नाही तर ती अर्जदाराच्याच बँक खात्यात परत येते. या साखळीत रोख रक्कम मागणाऱ्या माणसाला जागाच नाही. ‘कोट्यातले घर’ हा शब्द कोणी उच्चारला की संभाषण तिथेच थांबवावे. आरक्षणाचे प्रवर्ग खरोखर असतात, अनुसूचित जातींसाठी ११ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी ६ टक्के घरे राखीव असतात, इतरही काही प्रवर्ग आहेत. पण त्या त्या प्रवर्गातील घरेही सोडतीनेच दिली जातात आणि त्यासाठी प्रमाणपत्र लागते, ओळख लागत नाही. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी साठवलेले सोने मोडून अशा माणसाला पैसे दिले होते. हाती आलेले देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचे पत्र, बनावट निघाले. ते कुटुंब आजही भाड्याच्या घरात आहे.

आता मूळ प्रश्न. अर्ज जरूर करा. परंतु एक गोष्ट मला अगदी ठामपणे सांगायची आहे: सोडतीत नाव येणे नशिबावर आहे, ते घर हातात पडणे आणि हातात राहणे मात्र तयारीवर आहे, आणि ही तयारी नाव येण्याच्या आधीच पूर्ण व्हावी लागते.

याचे कारण सोडतीच्या बदललेल्या पद्धतीत आहे. पूर्वी आधी सोडत निघत असे आणि मग यशस्वी अर्जदारांच्या कागदपत्रांची छाननी होत असे. त्या छाननीत महिनोन्‌महिने जात. लोक त्याबद्दल तक्रार करीत, पण त्याच काळात कित्येक कुटुंबे पैशांची जुळवाजुळव करून घेत असत. जानेवारी २०२३ पासून नवी संगणकीय प्रणाली आली. तिच्यात एकदाच कायमस्वरूपी नोंदणी होते, आधार, पॅन, अधिवास दाखला, उत्पन्नाचा पुरावा आणि लागू असेल तर जातीचे किंवा विशेष प्रवर्गाचे प्रमाणपत्र आधीच तपासले जाते आणि पात्र ठरलेले अर्जच सोडतीत जातात. त्यामुळे नाव लागल्यानंतर देकार पत्र लवकर येते आणि पैसे भरण्याचे दिवस मोजायला सुरुवात होते. किमतीचा पहिला भाग, साधारणपणे एकचतुर्थांश, आणि त्यानंतर उरलेली रक्कम, दोन्हींना ठरावीक मुदत असते. ही सुधारणा चांगलीच आहे, पण जुन्या विलंबातून नकळत मिळणारी सवड आता उरलेली नाही. घर लागूनही ते परत करण्याची वेळ आलेली जी कुटुंबे मी अलीकडे पाहिली, त्यांतील बहुतेकांची अडचण हीच होती.

उत्पन्न गटाबाबत आपला गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण दोन योजनांचे गट वेगवेगळे आहेत. म्हाडाच्या २०२२ च्या सुधारित निकषांनुसार मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक ६ लाखांपर्यंतचे उत्पन्न अत्यल्प गटात आणि ६ ते ९ लाखांचे अल्प गटात मोडते. म्हणजे आपण अत्यल्प उत्पन्न गटात येता. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला, त्यात मात्र ३ लाखांपर्यंत अत्यल्प, ३ ते ६ लाख अल्प आणि ६ ते ९ लाख मध्यम अशी विभागणी आहे. तेच कुटुंब, तेच उत्पन्न, पण एकीकडे अत्यल्प आणि दुसरीकडे अल्प. म्हणून जाहिरात निघाल्यावर तिची माहितीपुस्तिका पूर्ण वाचावी आणि त्या त्या योजनेसमोर छापलेली मर्यादाच ग्राह्य धरावी. शेजाऱ्याने मागच्या वर्षी कोणत्या गटात अर्ज केला होता, यावर विसंबू नये. म्हाडाच्या हिशेबात पती-पत्नीचे उत्पन्न एकत्र धरतात, सासूबाईंच्या निवृत्तिवेतनाची त्यात भर घालू नका.

गावच्या घराचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि त्यावर दोन वाक्ये जास्त खर्च करणे भाग आहे. म्हाडाच्या सर्वसाधारण योजनेत अट अशी असते की, ज्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या हद्दीत सोडतीतले घर आहे, त्या हद्दीत अर्जदार, पती वा पत्नी किंवा अज्ञान मुले यांच्या नावे मालकीचे घर नसावे. गावातील घर या अटीत अडथळा ठरत नाही. पंतप्रधान आवास योजनेखालील घरांना मात्र भारतात कुठेही कुटुंबाच्या नावे पक्के घर नसावे, अशी अट आहे. कल्याणजवळच्या शिरढोण आणि खोणी येथील कोकण मंडळाच्या, म्हणजे म्हाडाच्या त्या विभागाच्या शाखेच्या, प्रकल्पांत या योजनेखालील घरे आहेत. आपल्या घरापासून ती जवळ असल्याने आपला ओढा साहजिकच तिकडे असणार. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा, म्हणजे घराच्या कर-आकारणीची नोंद, काढा आणि घर कोणाच्या नावे लागले आहे ते पाहा. सासरे गेल्यानंतर वारसनोंद होऊन यजमानांचे नाव चढले असेल, तर पंतप्रधान आवास योजनेच्या स्वघोषणापत्रात ‘घर नाही’ असे लिहू नका. खोटे स्वघोषणापत्र उघडकीला आले की वाटप रद्द होऊ शकते आणि तोवर आपण कर्ज काढून बसलेले असता. त्या प्रसंगी सर्वसाधारण योजनेतील घरासाठी अर्ज करा. दार बंद होत नाही, फक्त दुसऱ्या दाराने जावे लागते.

आणखी एक दार अनेकांना ठाऊक नसते. नोव्हेंबर २०१३ पासून दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प उभारणाऱ्या खासगी विकासकाला वीस टक्के घरे अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी राखावी लागतात, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून दिली जातात. याला सर्वसमावेशक योजना म्हणतात. यातील घरे चांगल्या वस्तीत आणि स्टेशनजवळ असू शकतात. पण दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. इमारत पूर्ण झाली आहे का, आणि मासिक देखभाल शुल्क किती असेल? बांधकाम चालू असेल तर ताबा मिळेपर्यंत एकीकडे कर्जाचा भार आणि दुसरीकडे भाडे, असा दुहेरी खर्च सोसावा लागतो. शिवाय अशा घरावर जीएसटीही लागतो, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा दाखला, मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर तो लागत नाही.

शक्यतेबाबत स्वतःला फसवू नका. मुंबई मंडळाच्या २०२३ च्या सोडतीत ४,०८२ घरे होती आणि सुमारे सव्वा लाख अर्जदार होते. २०२४ मध्ये घरे २,०३० होती आणि अर्जदार एक लाखाहून अधिक होते. कोकण मंडळाच्या काही ठिकाणी मात्र चित्र उलट असते. विरार-बोळिंज येथील घरे दीर्घकाळ विक्रीवाचून पडून होती, त्यामागे पाणीपुरवठ्याची अडचण हे मोठे कारण होते. अशी उरलेली घरे ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या पद्धतीने विकली जातात, तिथे सोडतीची वाट पाहावी लागत नाही. ज्याला घराची खरी निकड आहे त्याने या जाहिरातींकडे जरूर लक्ष ठेवावे, मात्र घर का उरले याचा शोध स्वतः जाऊन घ्यावा. सकाळी साडेसातला तिथून निघून यजमानांच्या कामाच्या ठिकाणी पोहोचून पाहा. तिथे राहणाऱ्या एखाद्या बाईंना पाणी किती वेळ येते, टँकर लागतो का, हे विचारा. मुलीची शाळा किती अंतरावर पडेल हे पायी मोजा. कार्यालयात बसून हे कळत नाही.

आता हप्त्याचा हिशेब, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा, आपल्याला लागलेल्या घराची किंमत २२ लाख आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज देऊ शकते, म्हणजे १९ लाख ८० हजार. उरलेले २ लाख २० हजार आपले स्वतःचे हवेत. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वीज मीटर, दारे-जाळ्या, सामान हलवणे हे सगळे त्याच्या बाहेरचे, आणि या खर्चासाठी बँक सहसा कर्ज देत नाही. साडेआठ टक्के व्याजदर धरला तर वीस वर्षांच्या मुदतीत या कर्जाचा हप्ता सुमारे १७,२०० रुपये येतो आणि पंचवीस वर्षांत सुमारे १५,९५०. त्यावर देखभाल शुल्काचे दोन हजार धरा. आपले महिन्याचे उत्पन्न सुमारे पावणेचव्वेचाळीस हजार आहे. वीस वर्षांच्या हप्त्याने नव्या घरावरचा खर्च साधारण १९,२०० वर जातो आणि पाच माणसांच्या अन्न, शाळा, औषधपाण्यासाठी साडेचोवीस हजार उरतात. हे जमणारे आहे, पण ओढाताणीचे आहे आणि एखादे आजारपण आले तर मोडणारे आहे.

म्हणून मी आपल्यासारख्या कुटुंबांना पंचवीस वर्षांची मुदत घ्यायला सांगतो, जरी एकूण व्याज साडेसहा लाखांनी वाढत असले तरी. याला माझे काही सहकारी विरोध करतात आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. माझे म्हणणे इतकेच की, हप्ता लहान ठेवला तर वाईट महिना निभावतो, आणि चांगल्या महिन्यात मुद्दलात भर टाकता येते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी रक्कम भरल्यास दंड आकारता येत नाही. यजमानांचा दिवाळीचा बोनस दर वर्षी मुद्दलात भरला तर ती पंचवीस वर्षे आपोआप खाली येतात. उलट, मोठा हप्ता ठरवून बसल्यावर तो लहान करून मागणे फार अवघड जाते.

पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदानाचाही घटक आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के अनुदान, एकूण कमाल १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. पक्के घर नसण्याची अट येथेही आहे, आणि एकाच कुटुंबाला योजनेच्या दोन घटकांचा लाभ मिळत नाही. हे अनुदान मिळाले तर आनंद माना, पण ते गृहीत धरून घराचा हिशेब बसवू नका.

हप्ता झेपेल की नाही, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी मी एक उपाय सुचवतो आणि तो माझ्या सर्व सल्ल्यांत सर्वांत उपयोगी ठरला आहे. येत्या महिन्यापासून आपण घर लागलेच आहे असे समजून वागा. नव्या घरावरचा खर्च १९,२०० आणि आजचे भाडे ११,०००, यांतील फरक ८,२०० रुपये. ही रक्कम पगार जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या आवर्ती ठेव खात्यात टाका आणि बारा महिने तिला हात लावू नका. वर्षाअखेर जवळपास ९८ हजार साठतील, व्याज वेगळे. दोन वर्षांत आपल्या हिश्श्याचा मोठा भाग उभा राहतो. आणि तीन महिन्यांतच जर ठेव मोडावी लागली, तर आपल्याला लहान किमतीचे घर पाहावे लागेल हे घर घेण्याआधी कळते, घेतल्यानंतर नाही.

एक शिंपीकाम करणारे गृहस्थ आणि त्यांची पत्नी माझ्याकडे येत असत. पहिल्या खेपेला त्यांना घर लागले तेव्हा हिश्श्याची रक्कम नव्हती. पतपेढीचे कर्ज, सोनेतारण आणि मेहुण्याकडून उसने, अशी तीन ठिकाणांहून रक्कम उभी करायला निघाले होते. मी हिशेब मांडला तेव्हा गृहकर्जाच्या हप्त्याआधीच या तिन्हींचे चौदा हजार दरमहा होत होते. त्यांनी ते घर सोडले. त्या दिवशी वहिनींच्या डोळ्यांत पाणी होते आणि माझा सल्ला बरोबर होता की नाही, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. त्यानंतर त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे तालीम सुरू केली, आयकर विवरणपत्रे भरायला लागले, भिशी बंद करून ती रक्कम बँकेत वळवली. चौथ्या अर्जाला प्रतीक्षा यादीत नाव आले आणि आधीच्या कोणीतरी घर नाकारल्याने ते यांच्याकडे आले. देकार पत्र आले त्या आठवड्यात पैसे खात्यात होते. आता त्यांना तिथे सात वर्षे झाली. मुलगी पाचवीत असताना ते राहायला गेले, ती त्याच शाळेतून दहावी झाली. त्याआधी तिने चार वर्षांत तीन शाळा पाहिल्या होत्या.

विवरणपत्रांचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. यजमानांना जादा फेऱ्यांचे पैसे रोखीने मिळतात असे आपण लिहिले आहे. जे उत्पन्न कागदावर नाही ते बँक मोजत नाही. कर भरावा लागत नसला तरी दोघांनी दर वर्षी विवरणपत्र भरा, आणि रोख मिळालेले पैसे खात्यात जमा करून मगच खर्च करा. अर्थात, विवरणपत्रातील आकडाच गट ठरवतो, म्हणून तो खरा असावा. सोडतीसाठी कमी आणि बँकेसाठी जास्त, असे दोन आकडे दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. पतअहवालही, म्हणजे आपल्या आजवरच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, आताच पाहून घ्या. प्रत्येक पतमाहिती संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य देते. मोबाइलवरून घेतलेले दोन-तीन हजारांचे विसरलेले कर्ज किंवा भावाच्या दुचाकीला राहिलेली जामीनकी यांमुळे गृहकर्ज अडलेले मी अनेकदा पाहिले आहे. अधिवास दाखला जुना असेल तर सेतू केंद्रातून बारकोड असलेला नवा काढून ठेवा.

अर्जात पती-पत्नी दोघांची नावे असावीत, कर्जातही. यजमानांच्या नावे कर्जाइतक्या रकमेचा साधा मुदत विमा घ्या. बँकेत कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा गळ्यात घालण्याचा प्रयत्न होतो, त्याची तुलना बाहेरच्या मुदत विम्याशी केल्याशिवाय सही करू नका. घर मिळाल्यावर पाच वर्षे ते विकता येत नाही, हे लक्षात ठेवा, आणि विकण्यासाठी म्हणून ते घेऊही नका.

कधी हप्ता चुकण्याची वेळ आलीच, तर चुकण्याआधी बँकेत जा. सलग नव्वद दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादित, म्हणजे थकीत कर्जाचे, ठरते आणि तारण घर ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. त्याआधी गेलेल्या माणसाला मुदत वाढवून मागता येते, नंतर गेलेल्याचे म्हणणे ऐकले जाते पण हाती फारसे काही लागत नाही. तीन हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवून मगच घरात नवे कपाट आणा.

राहता राहिला मुलांच्या शाळेचा आणि सध्याच्या घराचा प्रश्न. ताबा पत्र आणि चावी प्रत्यक्ष हातात येईपर्यंत घरमालकांना घर सोडण्याची सूचना देऊ नका, आणि शाळेचा दाखलाही काढू नका. अकरा महिन्यांचा करार मध्येच संपत असेल, तर घरमालकांशी आताच बोलून पुढच्या करारात एक महिन्याच्या सूचनेने घर सोडता येईल, असे कलम लिहून घ्या. म्हणजे ताबा लवकर मिळाला तर अनामत अडकणार नाही आणि उशीर झाला तर पाचव्यांदा सामान बांधावे लागणार नाही. नमुना आठचा उतारा हातात आला की मला कळवा, कोणत्या योजनेत अर्ज करायचा ते त्यावरून नक्की करू.